कुठल्या पुराणातली वांगी?

‘पुराणात असे लिहिले आहे’ या एका वाक्यावरून या वेळची निम्मी पत्रे आली आहेत. कुणाला ते वाक्य खरे की खोटे ते हवे आहे, कुणाला पुराण विकत घ्यायचे आहे, तर एकांनी घेतलेले पुराण भलतेच निघाले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्र. : मोबाइलवर मजकूर येतो, ‘गरुडपुराणात सांगितले आहे की घरात अमुक वस्तू ठेवली तर दारिद्र्य येते.’ अध्याय, श्लोक काही दिलेले नसते. हे कसे ताडून पाहायचे?

उ. : आधी पाठवणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा : खंड, अध्याय, श्लोक. बहुतेक मजकूर इथेच गळून पडतो. आकडे मिळालेच, तर आवृत्ती कोणती तेही विचारा. गरुडपुराणाचे पूर्वखंड (यालाच आचारखंड म्हणतात), प्रेतखंड आणि ब्रह्मखंड असे भाग छापलेले मिळतात. पण प्रेतखंडाचे अध्याय एका आवृत्तीत ३५, तर दुसरीत ४९ आहेत. त्यामुळे ‘अध्याय ४०’ एवढाच हवाला निरुपयोगी आहे.

दुसरी मेख याहून मोठी. मृत्यूनंतरच्या दिवसांत घरोघरी वाचले जाते ते १६ अध्यायांचे पुस्तक बहुतेक वेळा मूळ गरुडपुराण नसतेच. तो ‘गरुडपुराण-सारोद्धार’ आहे. नौनिधिराम नावाच्या पंडिताने केलेला तो स्वतंत्र संक्षेप आहे आणि त्यात इतर ग्रंथांतले श्लोकही ओवलेले आहेत. त्यातला श्लोक मूळ पुराणात सापडला नाही तर नवल नाही. उलट मूळ पूर्वखंड उघडलात तर रत्नांची पारख, औषधे, नीतिवचने, अगदी व्याकरणाची प्रकरणेसुद्धा भेटतील. गरुडपुराण म्हणजे फक्त नरकवर्णन हा समज त्या १६ अध्यायांमुळे पसरला आहे.

संस्कृत ओळ हाताशी असेल तर छापील आवृत्तीच्या शेवटची श्लोकानुक्रमणी पाहा. ती श्लोकाच्या पहिल्या चरणावरून अकारविल्हे लावलेली असते. पहिला शब्द चुकला की श्लोक सापडत नाही, आणि पहिला शब्दच पाठभेदात सगळ्यांत जास्त बदलतो. संगणकावर शोधताना मधला, संधी न होणारा तुकडा घ्या. ‘च एव’ शोधलेत तर काही मिळणार नाही, कारण मजकुरात ‘चैव’ असते. ‘पंच’ आणि ‘पञ्च’ दोन्ही करून पाहा. अवग्रह (ऽ) काही ठिकाणी लिहिलेला असतो, काही ठिकाणी गाळलेला. एवढे करूनही श्लोक मिळाला नाही, तर ‘या आवृत्तीत नाही’ असे म्हणा. ‘पुराणात नाही’ हे म्हणायला निदान दोन-तीन आवृत्त्या पाहाव्या लागतात.

प्र. : अठरा पुराणांची नावे लक्षात राहत नाहीत. शिवाय एका यादीत वायू असतो, दुसरीत शिव. खरे कोणते?

उ. : देवीभागवतात यासाठी एक कूटश्लोक आहे. तो पाठ करा :

मद्वयं भद्वयं चैव ब्रत्रयं वचतुष्टयम् ।
अनापलिंगकूस्कानि पुराणानि पृथक् पृथक् ॥

उकल अशी. ‘म’ने सुरू होणारी दोन : मत्स्य, मार्कंडेय. ‘भ’ची दोन : भविष्य, भागवत. ‘ब्र’ची तीन : ब्रह्म, ब्रह्मांड, ब्रह्मवैवर्त. ‘व’ची चार : वराह, वामन, विष्णू, वायू. उरलेली सात अक्षराअक्षराने : अ-अग्नी, ना-नारद, प-पद्म, लिं-लिंग, ग-गरुड, कू-कूर्म, स्क-स्कंद. दोन, दोन, तीन, चार आणि सात मिळून अठरा.

‘व’ चार म्हटल्यावर ही यादी वायुपुराण धरणारी, हे उघड आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधातली यादी त्या जागी ‘शैव’ म्हणते. आज वायुपुराण आणि शिवपुराण ही दोन वेगळी पुस्तके आहेत आणि दोघांचा विषय व बांधणीही वेगळी आहे. वायुपुराण जुने. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त पवमानाने, म्हणजे वायूने, सांगितलेले पुराण वाचून दाखवल्याचा उल्लेख आहे. निवड करायचीच तर आमचे मत वायूला. पण दोन्ही याद्या परंपरेतल्याच आहेत, म्हणून एकीला चूक ठरवता येत नाही.

प्र. : विष्णुपुराणाचे २३,००० श्लोक असे वाचले. माझ्या प्रतीत साडेसहा हजारही भरत नाहीत. प्रकाशकाने काटछाट केली आहे का?

उ. : नाही. तुमची प्रत बहुधा पूर्ण आहे : ६ अंश, १२६ अध्याय. जुन्या टीकाकारांपुढेही जवळपास एवढीच संहिता होती.

२३,००० हा आकडा भागवताच्या शेवटच्या (१२.१३) अध्यायातल्या यादीतला आहे. ती यादी मुळातून पाहण्यासारखी आहे. ब्रह्म १०,०००, पद्म ५५,०००, विष्णू २३,०००, शैव २४,०००, भागवत १८,०००, नारद २५,०००, मार्कंडेय ९,०००, अग्नी १५,४००, भविष्य १४,५००, ब्रह्मवैवर्त १८,०००, लिंग ११,०००, वराह २४,०००, स्कंद ८१,१००, वामन १०,०००, कूर्म १७,०००, मत्स्य १४,०००, गरुड १९,०००, ब्रह्मांड १२,०००. बेरीज करा : बरोबर ४,००,०००. एकही श्लोक कमी-जास्त नाही. इतकी गोळीबंद बेरीज प्रत्यक्ष मोजणीतून आली असेल असे वाटत नाही. चार लाख ही एकूण संख्या आधी ठरलेली असावी आणि वाटणी मागून झाली असावी. हातातली पुस्तके या आकड्यांशी क्वचितच जुळतात. कूर्मपुराण स्वतःच्या चार संहिता असल्याचे सांगते, पण आज त्यातली फक्त ब्राह्मी संहिता उरली आहे, सुमारे सहा हजार श्लोकांची.

तरी आकडा जुळत नाही म्हणून लगेच ‘श्लोक हरवले’ असे म्हणू नका. मोजण्याची जुनी पद्धत वेगळी होती. लेखनिकाचे माप म्हणजे ‘ग्रंथ’ : ३२ अक्षरांचा एक. अनुष्टुभ श्लोकात आठ-आठ अक्षरांचे चार चरण, म्हणून अनुष्टुभाचा एक श्लोक म्हणजे एक ग्रंथ. पण वसंततिलका वृत्तात चरणाला १४ अक्षरे, एकूण ५६. तो एक श्लोक पावणेदोन ग्रंथ भरतो. शार्दूलविक्रीडिताची ७६ अक्षरे, म्हणजे दोन ग्रंथ भरून वर १२ अक्षरे उरतात. गद्यही याच मापाने मोजत. मोजताना स्वरासहित अक्षर धरायचे. जोडाक्षर एकच, आणि पाय मोडलेले व्यंजन सोडून द्यायचे. जैन पोथ्यांच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून जो आकडा असतो तो हाच.

भागवताच्या छापील प्रतीत श्लोकांचे क्रमांक मोजले तर १४,०००च्या आसपास भरतात. दीर्घ वृत्ते, गद्य आणि ‘श्रीशुक उवाच’सारख्या ओळी ग्रंथमापात धरल्या की ही तफावत बरीच आवळते. विष्णुपुराणाची मात्र आवळत नाही. तिथे यादीतला आकडा आणि हातातली संहिता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेच मान्य करावे लागते.

प्र. : रामकथेसाठी पद्मपुराण मागवले. आले ते १२३ पर्वांचे, आचार्य रविषेणांचे, जैन. दुकानदाराने चुकीचे दिले की हेही पद्मपुराणच?

उ. : हेही पद्मपुराणच, आणि रामकथाच हवी असेल तर तुमचे नशीब चांगले. जैन परंपरेत ‘पद्म’ हे रामाचेच नाव आहे, म्हणून हे सबंध पुराण रामकथेचे आहे. अठरांतले पद्मपुराण सृष्टीच्या आरंभीच्या कमळावरून नाव मिळालेले. त्यात रामकथा पातालखंडात वगैरे येते, पण तो त्याचा एक भाग झाला.

नावांचा असाच गोंधळ ‘हरिवंश’ आणि ‘महापुराण’ या शब्दांतही होतो. हरिवंश एक महाभारताला जोडलेला, दुसरा जिनसेनांचा, ६६ सर्गांचा. वैदिक परंपरेत अठरांपैकी प्रत्येकाला महापुराण म्हणतात. दिगंबर जैनांत ‘महापुराण’ म्हणजे आदिपुराण आणि उत्तरपुराण मिळून झालेला ७६ पर्वांचा एकच ग्रंथ.

ओळखायचे कसे? अध्यायाच्या शेवटची पुष्पिका वाचा. ‘इति’ने सुरू होणारी ती ओळ म्हणजे ग्रंथाचा पत्ता असतो. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा :

‘इति श्रीमार्कण्डेयपुराणे सावर्णिके मन्वन्तरे देवीमाहात्म्ये मधुकैटभवधो नाम प्रथमोऽध्यायः’

‘इत्यार्षे रविषेणाचार्यप्रोक्ते पद्मपुराणे…’

पहिलीत ग्रंथ, मन्वंतर, प्रकरण, अध्यायाचे नाव आणि क्रमांक आहे, लेखक नाही. दुसरीत लेखकाचे नाव पहिल्याच झटक्यात आहे. जैन पुराणाला कर्ता असतो, त्याची गुरुपरंपरा असते आणि पुष्कळदा वर्षही असते. रविषेणांनी महावीरांच्या निर्वाणानंतर बाराशेहून थोडी जास्त, नेमकी १२०३ वर्षे ६ महिने झाल्यावर ग्रंथ पुरा केल्याचे लिहिले आहे. निर्वाण इ.स.पू. ५२७ धरले तर हे इ.स. ६७६-७७ होते.

पहिल्या पुष्पिकेतला ‘प्रथमः’ फसवा आहे, हेही जाता जाता पाहून घ्या. तो देवीमाहात्म्याचा पहिला अध्याय. मार्कंडेयपुराणाचा तो काही आवृत्त्यांत ८१वा आणि काहींत ७८वा आहे. हवाला देताना दोन्ही क्रमांक दिलेत तर वाचणारा दुवा देईल.

अठरांतलेच पद्मपुराण हवे असेल तर मागवताना खंड तपासा. पुण्याच्या आनंदाश्रमाच्या आवृत्तीत सहा खंड आहेत (आदी, भूमी, ब्रह्म, पाताल, सृष्टी, उत्तर), तर बंगाली परंपरेच्या पोथ्यांत पाच (सृष्टी, भूमी, स्वर्ग, पाताल, उत्तर). खंडांचा क्रम निराळा असल्याने ‘पद्मपुराण, पहिला खंड’ असा हवाला कुणालाच सापडत नाही.

प्र. : जैन रामायणात रावणाला राम मारत नाही, हे खरे का? मग रामायणच बदलले म्हणायचे?

उ. : खरे आहे, लक्ष्मण मारतो. का, ते जैन पुराणाचा सांगाडा कळला की आपोआप कळते.

जैन पुराणांचा विषय म्हणजे ६३ शलाकापुरुष, म्हणजे थोर पुरुष : २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव. शेवटचे तिघे नेहमी एकत्र येतात. बलदेव थोरला भाऊ, सौम्य. वासुदेव धाकटा, पराक्रमी. प्रतिवासुदेव त्यांचा शत्रू. वासुदेवाने प्रतिवासुदेवाला मारायचे, आणि तेही शत्रूने फेकलेले चक्र हाती येऊन त्याच चक्राने, हे ठरलेले. हिंसा केली म्हणून वासुदेवाला नरकगती. बलदेव दीक्षा घेतो आणि त्याला मोक्ष किंवा स्वर्ग मिळतो. आठव्या त्रिकुटात राम बलदेव, लक्ष्मण वासुदेव, रावण प्रतिवासुदेव. रामाला मोक्षाला जायचे आहे, तर त्याच्या हातून वध होऊन कसे चालेल? नवव्या त्रिकुटात बलराम, कृष्ण आणि जरासंध. म्हणून जैन हरिवंशात मुख्य शत्रू कंस नसून जरासंध आहे आणि त्याला भीम नव्हे, कृष्ण मारतो. कृष्णाचे चुलतभाऊ नेमिनाथ हे बाविसावे तीर्थंकर. कृष्ण पुढल्या काळात स्वतः तीर्थंकर होणार, असेही हीच परंपरा सांगते. नरकाचा उल्लेख तेवढा उचलून वाद घालणारे हा भाग वाचत नाहीत.

रविषेणांच्या ग्रंथाची सुरुवातच शंकेने होते. राजा श्रेणिक महावीरांचे पट्टशिष्य (गणधर) गौतम यांना विचारतो की राक्षस मांस खात होते, वानरांनी त्यांना हरवले, असे लोक सांगतात ते पटण्यासारखे आहे का? उत्तरात सगळ्याला माणसाळवलेले आहे. राक्षस आणि वानर हे विद्याधरांचे, म्हणजे विद्या अवगत असलेल्या माणसांचे वंश. वानरांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह होते, म्हणून ते वानर. रावणाला दहा तोंडे नव्हती. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे पडली, म्हणून दशानन.

पण ‘जैन रामायण’ असे एकवचन वापरू नका. गुणभद्रांच्या उत्तरपुराणातली कथा रविषेणांपेक्षा पार वेगळी आहे. तिथे दशरथ आधी वाराणसीचा राजा आहे आणि सीता ही रावण-मंदोदरीची, जन्मतःच दूर सोडलेली मुलगी आहे. दोन्ही ग्रंथ दिगंबर परंपरेचे, तरी इतके अंतर. श्वेतांबरांकडे याच विषयाच्या ग्रंथांना ‘पुराण’ऐवजी ‘चरित’ म्हणण्याची रीत आहे. हेमचंद्रांचे बाराव्या शतकातले त्रिषष्टिशलाकापुरुषचरित दहा पर्वांचे आहे आणि सातव्या पर्वात रामकथा येते. या सगळ्यांच्या आधीचे विमलसूरींचे ‘पउमचरिय’ मात्र संस्कृत नाही. ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या आजीच्या बोलीत.

प्र. : भविष्यपुराणात अकबर आणि इंग्रज यांचे भाकीत आहे म्हणतात.

उ. : त्याच्या प्रतिसर्गपर्वाच्या छापील संहितेत आहे. त्याच पर्वात ही ओळही आहे :

रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी ।

पुढच्याच चरणात षष्टी म्हणजे ‘सिक्सटी’ असे सांगितले आहे. हा मजकूर केव्हाचा, ते ओळच सांगते. मात्र त्यावरून सबंध भविष्यपुराण नवे ठरवू नका. ब्राह्मपर्वातला सूर्योपासनेचा भाग पुष्कळ जुना आहे. एका नावाखाली हजार वर्षांचे अंतर असलेले दोन भाग बांधलेले आहेत, एवढेच.

प्र. : पुराणांचा काळ कसा ठरवतात? ‘व्यासांनी लिहिली’ म्हटल्यावर एकच काळ यायला हवा ना?

उ. : विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशाचा सहावा अध्याय काढा. व्यासांनी आख्याने, उपाख्याने, गाथा आणि कल्पशुद्धी यांची मिळून एक पुराणसंहिता केली आणि ती सूत रोमहर्षणाला दिली. त्याचे सहा शिष्य, त्यांतल्या तिघांनी आपापल्या संहिता केल्या, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे परंपरेच्याच सांगण्यानुसार ग्रंथ दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच फुटू आणि वाढू लागला होता. सबंध पुराणाला एक तारीख चिकटवण्यात अर्थ नाही. तारीख उताऱ्याला मिळते.

त्याचे मार्ग तीन-चार आहेत. पहिला राजवंशांचा. मत्स्य आणि वायू या पुराणांत अधिसीमकृष्ण हा राजा ‘सध्या राज्य करणारा’ म्हणून येतो. त्याच्या आधीचे राजे भूतकाळात, नंतरचे सगळे भविष्यकाळात. आंध्र म्हणून दिलेल्या यादीत शातकर्णी, पुळुमावी ही नावे भेटतात. नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांमुळे ते आपले सातवाहन हे कळते. वायुपुराण शेवटी म्हणते की गंगेच्या काठचा प्रदेश, प्रयाग, साकेत आणि मगध हे गुप्तवंशातले राजे भोगतील. समुद्रगुप्ताने याच्या किती तरी पलीकडे मजल मारली. त्या विजयांचा इथे पत्ता नाही. म्हणून हा उतारा चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातला धरतात. उतारा, सबंध वायुपुराण नव्हे.

दुसरा मार्ग अवतरणांचा. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने, श्राद्धे यांसाठी पुराणांतून शेकडो उतारे घेतले. त्याच्या आधी, बाराव्या शतकात, कोकणच्या शिलाहार अपरार्काने याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत तेच केले. श्लोक यांच्याकडे सापडला की तो निदान तेव्हा होता. याची उलट बाजूही पाहा : त्यांनी नाव घेऊन दिलेले काही श्लोक आजच्या छापील पुराणांत मिळत नाहीत.

तिसरा मार्ग पोथीचा. स्कंदपुराणाची नेपाळात मिळालेली ताडपत्री पोथी इ.स. ८१० मधली आहे. तिच्यात आजचे सात खंड (माहेश्वर, वैष्णव, ब्रह्म, काशी, अवंती, नागर, प्रभास) नाहीतच. ती वेगळीच, सलग संहिता आहे. पुढे क्षेत्रमाहात्म्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला पुष्पिकेत ‘इति श्रीस्कन्दपुराणे’ लिहिणे सोयीचे झाले, कारण एवढ्या मोठ्या पोत्यात काय आहे आणि काय नाही हे कोण पाहणार? सह्याद्रिखंडही स्कंदपुराणाचा म्हणवतो. १८७७ साली मुंबईत तो छापला गेला. आजच्या सात खंडांत तो नाही.

जैन पुराणांत ही सगळी कसरत वाचते. हरिवंशाच्या शेवटी जिनसेन शके ७०५ (त्यात ७८ मिळवा : इ.स. ७८३) देतात, आणि वर उत्तरेला इंद्रायुध, दक्षिणेला कृष्णाचा पुत्र श्रीवल्लभ, पूर्वेला अवंतीचा वत्सराज असे त्या वर्षीचे राजेही सांगतात. भारताच्या त्या काळच्या राजकीय नकाशासाठी इतिहासकार आजही हा श्लोक काढतात.

प्र. : आदिपुराणाचे जिनसेन आणि हरिवंशाचे जिनसेन एकच ना?

उ. : दोन. हरिवंशाचे जिनसेन जैन मुनींच्या पुन्नाट संघाचे. आदिपुराणाचे जिनसेन वीरसेनांचे शिष्य आणि राष्ट्रकूट अमोघवर्षाचे गुरू. हरिवंशाच्या आरंभी पूर्वसूरींना वंदन करताना वीरसेनांचे आणि या दुसऱ्या जिनसेनांच्या ‘पार्श्वाभ्युदया’चे कौतुक आले आहे, स्वतःचे कोणी असे करत नाही.

आदिपुराणाची ४७ पर्वे आहेत. ४२ पुरी आणि त्रेचाळिसाव्याचे ३ श्लोक झाल्यावर जिनसेन गेले. शिष्य गुणभद्रांनी उरलेले आदिपुराण पुरे करून पुढे उत्तरपुराण लिहिले. आदिपुराणात ४७ पर्वांपर्यंत मुख्यतः ऋषभदेव आणि भरत. बाकीचे २३ तीर्थंकर आणि इतर सारे उत्तरपुराणाच्या २९ पर्वांत. त्यामुळे वाचताना वेग एकदम बदलतो. दमलात तर दोष तुमचा नाही.

प्र. : एका मन्वंतरात (एका मनूच्या काळात) ७१ महायुगे, १४ मन्वंतरे, आणि कल्पात (ब्रह्मदेवाच्या दिवसात) १,००० महायुगे. पण ७१ × १४ = ९९४. सहा गेली कुठे?

उ. : छान पकडलेत. विष्णुपुराण ७१ न म्हणता ‘७१ आणि वर थोडी’ म्हणते. ती ‘थोडी’ किती, ते सूर्यसिद्धांताने सोडवले : कल्पाच्या आरंभी एक आणि प्रत्येक मन्वंतराच्या शेवटी एक असे १५ संधिकाल, प्रत्येक कृतयुगाएवढा. कृतयुग १७,२८,००० वर्षांचे, म्हणजे ४३,२०,००० वर्षांच्या महायुगाचे चार दशांश. १५ × ०.४ = ६. हिशेब मिटला.

जैन कालचक्राचा ताळा वेगळा. अवसर्पिणी, म्हणजे चक्राचा उतरता अर्धा भाग, १० कोडाकोडी सागरोपमांची (सागरोपम हे काळाचे प्रचंड माप, कोडाकोडी म्हणजे कोटी गुणिले कोटी), सहा आरे, म्हणजे टप्पे. पहिले चार अनुक्रमे ४, ३, २ आणि १ कोडाकोडी. एवढ्यातच दहा भरले, मग पाचवा आणि सहावा कुठे बसवायचा? ते दोन्ही २१,००० वर्षांचे. म्हणून चौथ्या आऱ्यातून ४२,००० वर्षे वजा केलेली असतात. ही वजाबाकी विसरली की बेरीज चुकते. आपण पाचव्या, दुःषमा आऱ्यात आहोत. तो महावीरांच्या निर्वाणानंतर ३ वर्षे साडेआठ महिन्यांनी लागला.

प्र. : मुळातून वाचायला सुरुवात कुठून करावी? संस्कृत शाळेपुरते येते.

उ. : विष्णुपुराणापासून. रोज दोन अध्याय धरले तर ६३ दिवस. चौथ्या अंशात वंशावळी आहेत आणि तो बराचसा गद्यात आहे. तिथे बहुतेकांची गाडी अडते. पहिल्या वाचनात तो ठेवून पाचवा, कृष्णचरिताचा, ३८ अध्यायांचा अंश घ्या. भागवत नंतर, ३३५ अध्याय आहेत आणि संस्कृत कठीण आहे. स्कंद आणि पद्म सलग वाचायला घेऊ नका, हवे ते प्रकरण काढून वाचा. कोणत्या पुराणात काय आहे याची जुनी विषयसूची नारदपुराणाच्या पूर्वभागात ९२ ते १०९ या अठरा अध्यायांत आहे, एकेका पुराणाला एक. ती आजच्या संहितेशी ताडून पाहिली की कुठे भर पडली आणि कुठे गळती झाली, ते दिसू लागते.

जैन पुराणांत आधी रविषेण घ्या. आदिपुराण काव्य म्हणून श्रेष्ठ, पण वर्णने लांब आणि समास मोठे. भारतीय ज्ञानपीठाच्या, पंडित पन्नालाल जैन यांनी संपादलेल्या आवृत्त्यांत मूळ आणि हिंदी अनुवाद दोन्ही आहे.

आवृत्ती निवडताना पाठभेद तळटीपांत दिलेले असतील ती घ्या. विष्णुपुराणाची चिकित्सक (अनेक पोथ्या ताडून केलेली) आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची; वामन, कूर्म आणि वराह यांच्या वाराणसीच्या काशिराज न्यासाच्या. हरिवंशाची पुण्याच्या भांडारकर संस्थेची. त्यात आपल्या ओळखीचे श्लोक तळटीपेत किंवा परिशिष्टात गेलेले दिसतील. ते ‘काढून टाकलेले’ नसतात. पुरेशा जुन्या पोथ्यांचा आधार नसल्याने खाली उतरवलेले असतात. पारायणाला नेहमीची पोथी, हवाल्याला ही.

प्र. : ‘पुराणातली वांगी पुराणात’ : ही वांगी नेमकी कोणत्या पुराणात आहेत?

उ. : म्हणीमागची गोष्ट सांगणारे पुराणाचे नाव सांगत नाहीत, मूळ शब्द ‘वानगी’ होता असे म्हणणारेही आहेत. शोधायचेच असेल तर अनुक्रमणीत ‘वांगे’ पाहत बसू नका. वार्ताक, वार्ताकी, वृन्ताक या तिन्ही शब्दांनी पाहा, व्रतांच्या आणि श्राद्धाच्या प्रकरणांत. खंड, अध्याय आणि श्लोक मिळाला की आम्हाला कळवा. आवृत्ती लिहायला विसरू नका.